दिवाणखान्यातल्या माणसाला अक्कल नसते काय?

एखाद्याला मूर्ख ठरवायचे असेल तर त्याच्याशी वाद घालावा लागत नाही. त्याला कमी वाढले की पुरते. पंगतीत एकाच्या पानावर अर्धीच पुरणपोळी टाकावी आणि वर शेजाऱ्याला सांगावे, "ह्यांना एवढीच पचते हो!" की झाले. त्या बिचाऱ्याची भूकही मारली जाते आणि अब्रूही जाते. व्हिडिओ गेमच्या जगात नेमका हाच प्रकार कित्येक वर्षे चालत आला आहे, आणि त्याविरुद्ध चार शब्द स्पष्टपणे बोलण्याची वेळ आली आहे.

दिवाळी अंकात हा कसला विषय, असे कोणी विचारील. खुशाल विचारावे! ज्या घरात हा अंक उघडला जाईल, त्याच घरात दिवाळीच्या सुट्टीत कोणाचा तरी नातू नाहीतर कोणाची तरी भाची टीव्हीपुढे कंट्रोलर घेऊन बसलेली असण्याचा संभव मोठा आहे. ती मुले काय खेळतात ह्याकडे आपण वडीलधारे पाहत नाही. "डोके नसलेला धांगडधिंगा" एवढा शेरा मारून आपण फराळाच्या ताटाकडे वळतो. गंमत अशी, की हाच शेरा ते खेळ बनविणाऱ्या कित्येक मातब्बर मंडळींनीही आपल्या गिऱ्हाईकावर मनोमन मारून ठेवलेला असतो. आपण तो अज्ञानाने मारतो; ते जाणूनबुजून मारतात. म्हणून त्यांचा अपराध मोठा.

वाद काय आहे तो आधी नीट समजून घेऊ. खेळण्याची यंत्रे मुख्यतः दोन. एक संगणक. तो टेबलावर असतो, त्याला की-बोर्ड आणि माऊस असतो, आणि माणूस त्याला नाक लावून एकटा बसतो. दुसरा कन्सोल. तो टीव्हीला जोडायचा डबा; तो दिवाणखान्यात असतो, आणि माणूस सोफ्यावर रेलून, हातात दहाबारा बटणांचा कंट्रोलर धरून खेळतो. आता खेळांच्या अनेक जातींपैकी एक जात आहे रोल-प्लेइंग गेमची. आपण तिला सोंगाचा खेळ म्हणू. ह्यात खेळणारा एखाद्या पात्राचे सोंग घेतो, साथीदार जमवितो, गावोगाव हिंडतो, माणसांशी बोलतो, कोणाला वाचवायचे आणि कोणाला सोडायचे हे ठरवितो, आणि त्या निर्णयांची फळे भोगतो. ह्या जातीचा मूळपुरुष म्हणजे १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांनी प्रसिद्ध केलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. तो कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन चारपाच जणांनी टेबलाभोवती खेळायचा. १९८१ साली 'अल्टिमा' आणि 'विझर्डरी' हे खेळ निघाले, आणि सोंग संगणकावर चांगलेच रुजले.

हा खेळ किती खोल जाऊ शकतो ह्याचे एकच उदाहरण देतो. १९८५ साली रिचर्ड गॅरियट ह्यांचा चौथा 'अल्टिमा' निघाला. त्याचे उपनाव होते 'अवताराचा शोध', आणि तो 'अवतार' शब्द आपलाच, त्यांनी हिंदू कल्पनेवरून उचललेला. ह्या खेळात मारायला कोणी महाराक्षस नाही. सत्य, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म आणि विनय हे आठ गुण अंगी बाणवायचे, हाच खेळ. त्यात जडीबुटी विकणारी एक आंधळी बाई आहे. ती तुम्हांला पैसे तुम्हीच मोजून ठेवायला सांगते. कमी ठेवलेत तरी तिला दिसत नाही, ती तुम्हांला अडवीत नाही. पण खेळाच्या वहीत तुमचा प्रामाणिकपणा गुपचूप कमी होतो, आणि पुढे कधीतरी तुम्ही अडता. सांगा, ह्याला धांगडधिंगा म्हणायचे काय?

ह्या खेळाला इंग्रजी वर्णमालेतली सव्वीसच्या सव्वीस अक्षरे लागत. प्रत्येक अक्षर म्हणजे एक आज्ञा. आणि इथेच कन्सोलचा प्रश्न उभा राहतो. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या हाती सव्वीस कळा नाहीत. मग त्याच्याकडे हा खेळ न्यायचा कसा?

ह्या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. पहिले: त्याचा हात वेगळा आहे, म्हणून खेळाची मूठ बदला. दुसरे: त्याचा हात वेगळा आहे, म्हणजे त्याचे डोकेही लहान असणार, तेव्हा खेळच कापा. पहिले उत्तर कारागिराचे आहे, दुसरे आळशाचे. आणि दुःखाची गोष्ट ही, की दुसरे उत्तर देणाऱ्यांनी त्याला 'लोकांची आवड' असे गोंडस नाव देऊन ठेवले आहे. कन्सोलवाल्याला म्हणे धीर नसतो! त्याला म्हणे वाचायचा कंटाळा! त्याला उड्या आणि गोळ्या तेवढ्या पाहिजेत! अहो, पण हा कन्सोलवाला म्हणजे कोण? जो मनुष्य दिवसभर कचेरीत संगणकापुढे बसून हिशेब जुळवितो, कज्जे लढवितो, पुलांचे आराखडे काढतो, तोच रात्री जेवून सोफ्यावर बसतो ना? खुर्चीवरून सोफ्यावर येताना तो आपली अक्कल चपलेसारखी दाराशी काढून ठेवतो काय?

पहिले उत्तर देणाऱ्यांचा आद्य आचार्य म्हणून जपानच्या युजी होरी ह्यांचे नाव घ्यावे लागेल. होरी 'अल्टिमा' आणि 'विझर्डरी' ह्या दोन्हींवर लुब्ध झालेले. निन्टेंडोचा फॅमिकॉम हा कन्सोल तेव्हा जपानी घराघरांत होता. त्याच्या कंट्रोलरवर दिशेची एक फुली, दोन मुख्य बटणे आणि दोन लहान बटणे, एवढाच संसार. १९८६ साली होरींनी 'ड्रॅगन क्वेस्ट' काढला तो ह्या यंत्रावर, अवघ्या ६४ किलोबाइटच्या कॅसेटमध्ये. सव्वीस अक्षरांच्या जागी त्यांनी पडद्यावर आठ आज्ञांची एक यादी आणली: बोला, शोधा, दार उघडा, मंत्र म्हणा, अशी. फुलीने निवडायचे, बटणाने हुकूम सोडायचा. सात वर्षांच्या मुलालाही जमावे इतके सोपे.

इथे माझा प्रतिपक्षी टाळी वाजवून म्हणेल, "पाहा, होरींनीही खेळ सोपाच केला की!" होय, केला. पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये वीर एकटा आणि शत्रूही एका वेळी एकच. पण पुढे काय झाले ते पाहा. १९८७ च्या दुसऱ्या भागात तीन साथीदार आले. १९८८ च्या तिसऱ्या भागात चार जणांचा जथा आला, आणि त्यात कोण योद्धा, कोण मांत्रिक, कोण वैद्य हे ठरविण्याचा अधिकार खेळणाऱ्याला मिळाला. त्या तिसऱ्या भागासाठी जपानात दुकानांपुढे रांगा लागल्या. शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या पोरांच्या बातम्या झाल्या. होरींनी पहिली पायरी ठेंगणी बांधली ती लोकांनी वर चढावे म्हणून. आजचे कापाकापी करणारे मात्र पायरी ठेंगणी करतात आणि तिच्यावर जिनाच ठेवीत नाहीत. सोपी सुरुवात आणि सोपा शेवट ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आता दुसऱ्या उत्तराचा नमुना. २००० साली संगणकावर 'डिअस एक्स' नावाचा एक विलक्षण खेळ आला. एकाच कुलूपबंद दाराला चार उपाय: किल्ली शोधा, कुलूप फोडा, पहारेकऱ्याशी गोडीने बोला किंवा छपरावरून जा. त्याचा दुसरा भाग २००३ च्या डिसेंबरात आला, आणि तो संगणक व मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ह्या दोहोंसाठी एकदमच बनविलेला होता. तो पाहून जाणत्यांनी कपाळाला हात लावला. विस्तीर्ण जागांच्या लहान लहान खोल्या झाल्या. अंगी कौशल्ये कमावण्याची पद्धत पार काढून टाकलेली. आणि सगळ्या बंदुकांना एकच दारूगोळा! म्हणजे कोणत्या वेळी काय जपून वापरायचे हा विचारच शिल्लक नाही. ह्यात कन्सोलवाल्याचे भले झाले नाहीच. संगणकवाल्याच्या पानावरचेही उचलले गेले.

तेव्हापासून संगणकवाल्यांत एक म्हण पडून गेली, की कन्सोलने खेळ बाटविला. हा आरोप मी साफ नाकारतो, आणि त्याला पुरावा त्याच यंत्राचा देतो. त्या खेळाच्या दीड वर्ष आधी, २००२ च्या जूनमध्ये, त्याच एक्सबॉक्सवर 'मॉरोविंड' आला होता. संगणकावर येऊन त्याला जेमतेम महिना झालेला. केवढा अफाट खेळ! त्यात कुठे जायचे हे दाखविणारा बाण नाही. गावातल्या माणसाला विचारावे लागते, आणि तो सांगतो ते आपल्याकडच्या खेड्यातल्या पत्त्यासारखे: नदी ओलांडा, दगडी खांबापाशी डावीकडे वळा, मग टेकडी दिसेल. वही वाचायची, खुणा पाहायच्या, चुकायचे, परत फिरायचे. एक्सबॉक्सला स्मृती होती सगळी मिळून ६४ मेगाबाइट. तीत हे जग मावताना यंत्राची दमछाक होई. तेव्हा कारागिरांनी काय करावे? 'थांबा' असे सांगणारा पडदा समोर असताना, त्याच्या आड कधीकधी ते यंत्रच गुपचूप बंद करून पुन्हा सुरू करीत, म्हणजे स्मृती रिकामी होई! हे गुपित 'मॉरोविंड'चे प्रमुख टॉड हॉवर्ड ह्यांनीच पुढे सांगितले. ह्याला म्हणतात जिद्द. त्यांनी यंत्राला राबविले. खेळणाऱ्याच्या पानातले काढून घेतले नाही. आणि कन्सोलवाल्यांनी त्या खेळाला डोक्यावर घेतले. यंत्र तेच, गिऱ्हाईक तेच, काळ जवळजवळ तोच. मग दोष यंत्राचा की कापणाऱ्याचा?

वाचायचा कंटाळा, हा दुसरा आरोप. त्याचेही उत्तर देऊन टाकू. २०१९ साली संगणकावर 'डिस्को एलिझियम' आला. मूळ मंडळी एस्टोनियातली. त्यात दहा लाखांहून अधिक शब्द आहेत. तलवारीची लढाई अशी त्यात नाहीच. एक दारूने खचलेला पोलीस अधिकारी, एक खून, आणि बाकी सगळे बोलणे. लोकांशी बोलणे, आणि त्याहून अधिक स्वतःच्या मनाशी. कन्सोलवाल्याला वाचता येत नसते तर हा खेळ त्याच्या वाटेला गेलाच नसता. पण २०२१ साली तो सर्व प्रमुख कन्सोलांवर गेला, सगळी पात्रे मोठ्याने बोलू लागली, आणि दिवाणखान्यात बसलेल्या माणसाने तो एखाद्या कादंबरीसारखा वाचला आणि ऐकला.

आणि शेवटचा पुरावा तर असा आहे, की त्यानंतर हा वाद उकरून काढणाऱ्याने जरा लाजायला हवे. बेल्जियममध्ये गेंट शहरी लॅरियन नावाची मंडळी आहे; स्वेन विंके हे तिचे प्रमुख. २०१४ साली त्यांनी 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन' हा खेळ संगणकावर काढला. तो बुद्धिबळासारखा पाळीपाळीने खेळायचा, आणि नियमांनी गच्च भरलेला. वर्षभराने, २०१५ साली, त्यांनी तो कन्सोलवर नेला. नियम कापले नाहीत. माऊसच्या जागी चाकासारखी गोल यादी आणली. दांडी फिरवावी तसे पात्र चालू लागले. आणि टीव्हीचा पडदा दोन भागांत विभागून दोघांना शेजारी बसून खेळण्याची सोय केली. त्या खेळातली एक युक्ती मला फार आवडते. दोन नायकांचे एखाद्या प्रसंगी एकमत झाले नाही, एक म्हणाला चोराला सोडू, दुसरा म्हणाला पकडू, तर निकाल लागतो कागद-कात्री-दगडाने! संगणकापुढच्या एकट्या माणसाला ह्यात काय मजा? ही मजा सोफ्यावर शेजारी बसलेल्या बहीणभावांची आहे.

२०२३ साली त्याच मंडळींनी 'बाल्डर्स गेट ३' काढला, थेट त्या १९७४ च्या कागद-पेन्सिलीच्या खेळाचे आजचे नियम घेऊन. ऑगस्टात संगणकावर, सप्टेंबरात प्लेस्टेशन ५ वर. अवघड प्रसंग आला की पडद्यावर वीस बाजूंचा फासा गडगडतो. संगणकावर जो फासा, तोच टीव्हीवर. मात्र एक्सबॉक्सवर अडचण आली. त्या घराण्यातला जो धाकटा, स्वस्त डबा आहे, त्याच्या स्मृतीत दुभंगलेला पडदा मावेना. आता कापाकापी करणाऱ्याने काय केले असते ते सांगायला नको. लॅरियनने खेळाला हात लावला नाही. त्या धाकट्या यंत्रापुरता दुभंगलेला पडदा तूर्त बाजूला ठेवला, बाकी खेळ सगळाच्या सगळा डिसेंबरात दिला. आणि पुढे सोळा महिने खटपट करून २०२५ च्या एप्रिलमध्ये तो पडदाही त्याच लहान डब्यात बसवून दाखविला. उशीर झाला, पण उणे ठेवले नाही. आणि २०२३ च्या अखेरीस 'द गेम अवॉर्ड्स'च्या समारंभात वर्षातला सर्वोत्तम खेळ म्हणून मान मिळाला तो ह्याच खेळाला.

खेळ बनविणाऱ्यांचे झाले. आता थोडे दुसऱ्या बाजूच्या सोवळ्यांविषयी. संगणकवाल्यांत एक पंथ असा आहे, की त्यांच्या मते माऊस हेच सोवळे आणि कंट्रोलर हे ओवळे. कन्सोलवर खेळ गेला की तो विटाळला! आमचा खेळ कठीण, आम्ही हुशार, तुम्ही बाहेर उभे राहा, असा त्यांचा थाट. ह्यांना मी एवढेच विचारतो, की ज्ञानेश्वरांनी गीता लोकांच्या भाषेत आणली तेव्हा ती छोटी झाली काय? सातशे श्लोकांच्या नऊ हजार ओव्या झाल्या! लोकांकडे जाताना त्यांनी भाषा बदलली. आशय कापला नाही, उलट दाखले देऊन देऊन तो फुलविला. खेळाची गीता करण्याचा माझा इरादा नाही. पण वाट तीच आहे. ज्याला विद्या खरोखर आवडते तो ती वाटतो; ज्याला विद्येपेक्षा आपला पाट आवडतो तो दार लावून घेतो. आणि नवल हे, की कापणारा दुकानदार आणि हा सोवळा पंडित एकमेकांना शिव्या देत असले तरी दोघांचे मत एकच आहे: सोफ्यावरच्या माणसाला हे झेपणार नाही!

मग पाहिजे तरी काय, असे कोणी विचारील. माझ्या मागण्या थोड्या आणि रोकड्या आहेत. पहिली, अक्षर मोठे करा. संगणकाला माणूस हातभर अंतरावरून पाहतो. टीव्हीला आठदहा फुटांवरून. मुंगीएवढ्या अक्षरांचा मजकूर पाठवायचा आणि मग "ह्यांना वाचायला नको" म्हणायचे, हा शुद्ध कांगावा झाला. दुसरी, यादी, पिशवी, नकाशा ह्यांची मांडणी कंट्रोलरसाठी नव्याने करा. माऊसची मांडणी तशीच उचलून आणू नका. तिसरी, ज्याला सोपे हवे त्याला सोपी पातळी जरूर द्या, पण ती त्याने निवडावी. तुम्ही त्याच्या वतीने निवडू नका. ह्याला पैसा लागतो, वेळ लागतो, हे मला मान्य आहे. पण सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे म्हणतात ना? त्यात मी एवढीच भर घालतो, की खोलीचेही सोंग आणता येत नाही. उथळ खेळावर 'भव्य' अशी पाटी लावली म्हणून तो खोल होत नाही.

आपल्या घरांनाही ह्या वादाची झळ लागलेली आहे, हे शेवटी सांगायला हवे. १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडे जो 'टीव्ही गेम' शहरोशहरी आला, तो बहुधा त्या फॅमिकॉमचीच नक्कल होता. त्याच्या कॅसेटींत मारिओच्या उड्या होत्या, कॉन्ट्राच्या गोळ्या होत्या. पण त्याच यंत्रासाठी केलेला, अक्षरांनी भरलेला, जपानी 'ड्रॅगन क्वेस्ट' आपल्यापर्यंत सहसा पोहोचलाच नाही. म्हणून टीव्हीवरचा खेळ म्हणजे उड्या आणि गोळ्या, ही समजूत आपल्या एका अख्ख्या पिढीच्या मनात बसली. आपल्याला जे वाढले गेले तेच आपण सगळे पक्वान्न समजलो. त्यात आपला दोष नव्हता. आता मात्र माहीत असूनही तोच शेरा मारीत राहिलो, तर तो दोष आपला.

तेव्हा वाचकहो, ह्या सुट्टीत मुले टीव्हीपुढे बसली की एकदा चहाचा कप घेऊन त्यांच्या मागे जाऊन बसा. पडद्यावर कोणी चोर सापडलेला असेल, भाऊ म्हणत असेल सोड, बहीण म्हणत असेल धर. त्यांना विचारा, त्याने चोरी का केली? त्या एका प्रश्नाने घरात तासभर वाद रंगला, आजींनीही पोळ्या लाटता लाटता आपला निकाल सुनावला, तर समजा की तो खेळ कोणी न कापता तुमच्या दिवाणखान्यापर्यंत आणून पोहोचविला आहे. आणि मुलांना त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला खेळात जागाच सापडली नाही, नुसते एक बटण दाबून चोर नाहीसा झाला, तर समजा की तुमच्या पानावर कोणीतरी अर्धीच पोळी टाकून गेला आहे. अशा वेळी पंगतीत गप्प बसू नये. उरलेली पोळी मागून घ्यावी.